पाब्लो फँक ऊर्फ विल्यम डार्बी : एका अश्वविद्याविशारदाचें चरित्र व त्याचीं साधनें

१. प्रस्ताव

राजे, मुत्सद्दी व संत यांचीं चरित्रें लिहिणारास साधनांची वाण सहसा पडत नाहीं. राजाच्या मागें दफ्तर राहतें, संताच्या मागें शिष्यशाखा राहते. ज्यांची विद्या अंगांत असते आणि अंगाबरोबरच जाते, अशा नटांची, कसरतपटूंची व खेळवाल्यांची गोष्ट निराळी आहे. खेळ संपला कीं मांडव उतरतो, गाड्या पुढच्या गांवीं जातात, आणि मागें उरतें तें भिंतीवरचें एखादें फाटकें जाहिरातपत्रक. असल्या मनुष्याचें चरित्र विश्वसनीय रीतीनें लिहितां येतें काय, आणि त्याच्या संसाराविषयीं व प्रेमाविषयीं किती बोलावें व कोठें थांबावें, हा प्रश्न संशोधकांस जितका लागू आहे तितकाच संग्राहकांसही लागू आहे.

त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हीं प्रस्तुत लेखांत एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडमधील एका सर्कसवाल्याचें उदाहरण घेतलें आहे. रिंगणांतील त्याचें नांव पाब्लो फँक. जन्मनांव विल्यम डार्बी. तो कृष्णवर्णी होता, आणि ब्रिटनमधील पहिला कृष्णवर्णी सर्कसमालक अशी त्याची गणना होते. उदाहरण परदेशचें आहे हें खरें. परंतु या एकाच मनुष्यासंबंधीं पांच निरनिराळ्या जातींचीं साधनें हातीं लागतात : जन्मनोंद, छापील जाहिरातपत्रक, समकालीन वृत्तपत्रें, खानेसुमारीचे तक्ते आणि थडग्यावरील लेख. सहावें साधन म्हणून त्याच्या एका सोबत्यानें लिहिलेलें आत्मचरित्रही आहे. यांपैकीं प्रत्येक साधन एखादी गोष्ट खरी सांगतें व एखाद्या गोष्टीपुरतें फसवितें. कोणतें साधन कोणत्या गोष्टीस प्रमाण मानावें, याचा विवेक करण्यास इतकें सोईचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण.

२. तत्कालीन सर्कशीचें स्वरूप

सर्कस म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सिंहांचा पिंजरा व उंच झुलणारे झोके येतात. पाब्लो फँकच्या उमेदीच्या काळांत झोक्यांचा खेळ अस्तित्वांतच नव्हता. तो ज्यूल्स लेओतार नांवाच्या फ्रेंच कसरतपटूनें सन १८५९ मध्यें पॅरिस येथें प्रथम करून दाखविला. त्यापूर्वीं सर्कशीचा प्राण म्हणजे घोडा. फिलिप अ‍ॅस्ली या घोडदळांतून निवृत्त झालेल्या शिपायानें सन १७६८ मध्यें लंडन येथें वर्तुळाकार रिंगणांत घोडेस्वारीचे खेळ सुरू केले, तेथपासून आधुनिक सर्कशीचा आरंभ मानतात. अनुभवानें त्यानें रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरविला, आणि तें माप आजतागायत चालत आलें आहे. घोडा एका लयींत वर्तुळांत धांवूं लागला म्हणजे पाठीवर उभा असलेला स्वार किंचित् आंतल्या बाजूस कलतो. त्याचा कल व बाहेर फेंकणारा वेग यांचा तोल जमला कीं तो सरळ रेषेंत धांवणाऱ्या घोड्यापेक्षां अधिक स्थिर उभा राहूं शकतो. या तोलावरच सर्व खेळांची उभारणी झाली. दोरीवर चालणारे, कोलांट्या मारणारे व विदूषक हे मागाहून, घोड्यांस विसांवा देण्याच्या निमित्तानें, त्यांत सामील झाले.

दुसरी गोष्ट अशी कीं, या सर्कशी पुष्कळदां कापडी तंबूंत होत नसत. एकेका शहरांत महिना-दोन महिने मुक्काम करावयाचा आणि त्यासाठीं लांकडी नाट्यगृह उभारावयाचें किंवा दुसऱ्यानें उभारलेलें भाड्यानें घ्यावयाचें, असा प्रघात होता. पुढें सांगावयाच्या एका दुःखद प्रसंगासाठीं ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

३. जन्मकालाचा निर्णय

पाब्लो फँकच्या जन्मवर्षाविषयीं दोन पक्ष आहेत. एक पक्ष सन १७९६ धरतो. त्याचा आधार थडग्यावरील लेख. त्यांत मृत्यूसमयीं, म्हणजे ४ मे १८७१ रोजीं, त्याचें वय ७५ वर्षांचें होतें असें कोरलें आहे. दुसरा पक्ष सन १८१० धरतो. त्याचा आधार नॉर्विच शहरांतील जन्मनोंद. तींत जॉन डार्बी व मेरी स्टँप यांस विल्यम नांवाचा मुलगा झाल्याचें नमूद आहे. हा विरोध मिटविण्यासाठीं कोणी विल्यम व पाब्लो हे दोन निरनिराळे भाऊ होते अशीही कल्पना काढली. एका विरोधासाठीं एक नवा मनुष्य निर्माण करणें हा गौरवदोष होय. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

निर्णयास तिसरें प्रमाण उपयोगी पडतें. सन १८२१ च्या डिसेंबरांत नॉर्विच येथें विल्यम बॅटी याच्या खेळांत एका नव्या कसरतपटूचें नांव येतें. तें नांव ‘यंग डार्बी’, म्हणजे बाळ डार्बी, असें आहे. सन १७९६ चा जन्म मानल्यास हा बाळ पंचवीस वर्षांचा ठरतो. सन १८१० चा मानल्यास तो अकरा वर्षांचा ठरतो, आणि सर्कशींत उमेदवारी करणारीं मुलें साधारणपणें याच वयांत रिंगणांत उतरत. जन्मनोंद ही घटनेच्या वेळची. थडग्यावरील अंक साठ वर्षांनंतरचा, व तो सांगणारा मनुष्य स्वतः जन्मकाळीं हजर असणें संभवत नाहीं. तेव्हां सन १८१० हाच पक्ष बलवत्तर होय. थडग्यावरील लेख दगडांत कोरलेला असतो म्हणून तो अधिक खरा, असा समज आपल्याकडेही दृढ आहे; त्यास हें उदाहरण चांगलें उत्तर आहे. मृत्यूच्या तिथीस शिला प्रमाण, जन्माच्या तिथीस नाहीं.

पिता आफ्रिकी वंशाचा होता असें सामान्यतः मानतात. ‘पाब्लो फँक’ हें परदेशी वळणाचें नांव विल्यमनें सन १८३० नंतरच्या दशकांत धारण केलें. रिंगणासाठीं परदेशी नांव घेणें हा त्या धंद्यांतील रूढ संप्रदाय होता. गोऱ्या खेळाडूंनींही तो पाळला आहे. दोन्ही नांवें एकाच मनुष्याचीं, यास थडग्यावरील लेख साक्ष देतो, कारण त्यावर तीं एकत्र कोरलीं आहेत. सन १८७५ मध्यें सर्कसवाल्यांची माहिती देणारा ग्रंथ लिहिणारा टॉमस फ्रॉस्ट हाही पाब्लोचें खरें नांव विल्यम डार्बी असेंच देतो.

४. विद्या, उमेदवारी व वर्ण

विल्यम बॅटी हा त्या काळचा मोठा सर्कसमालक. त्याच्या हाताखालीं डार्बीनें दोरीवर चालणें, कोलांट्या, घोडेस्वारी व घोड्यांस शिकविणें या चारही अंगांत प्रावीण्य मिळविलें. लांबीच्या दिशेनें ठेवलेल्या घोडागाडीवरून घोड्यासह उडी घेणें हा त्याचा त्या वेळचा गाजलेला खेळ होता. परंतु खरी कीर्ति अश्वशिक्षणाची. सन १८४१ मध्यें त्यानें बॅटीची नोकरी सोडली व अवघ्या दोन घोड्यांवर स्वतःचा खेळ सुरू केला. इंग्लंडच्या उत्तर भागांतील गिरण्यांच्या शहरांत त्याचा लवकरच जम बसला, आणि घोड्यांची व माणसांची संख्या झपाट्यानें वाढली.

त्याच्या वर्णाविषयीं दोन प्रकारचे उल्लेख येतात. त्याचा मित्र विदूषक वॉलेट यानें सन १८७० मध्यें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत ऑक्सफर्ड येथील एक हकीकत आहे. पाब्लोस गळ टाकून मासे धरण्याचा मोठा नाद होता, आणि सोबत्यांनीं मिळून धरावे तितके मासे तो एकटा धरी. तेथील एक विद्यार्थी कित्येक दिवस रिकाम्या हातानें परतत असे. मासे पाब्लोच्याच गळास लागतात याचें कारण त्याचा काळा चेहरा असावा अशी त्याची समजूत झाली, आणि दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी तोंडास काळें फांसून नदीकांठीं हजर झाला. दुसरा उल्लेख रेव्हरंड टॉमस होर्न या धर्मोपदेशकाचा, सन १९०५ मधील. घोडेस्वारांच्या या बंधुवर्गांत वर्णभेद नाहीं, पाब्लो पहिल्या पंक्तीस पोंचला तो केवळ गुणांनीं, असा त्याचा आशय आहे.

या दोन्हींचें मोल निरनिराळें आहे. होर्न खेळवाल्यांच्या संघाचा धर्मोपदेशक. स्वतःच्या मंडळींची थोरवी सांगणें हा त्याचा हेतु, आणि तो पाब्लोच्या मरणानंतर चौतीस वर्षांनीं लिहीत आहे. त्याचें वचन स्तुतिपर अर्थवाद म्हणून घ्यावें. वॉलेट मात्र प्रत्यक्ष सोबती. त्याची गोष्ट रंजनासाठीं सांगितलेली, तेव्हां तींत मीठमसाला असणारच. परंतु तिच्यावरून दोन गोष्टी नकळत सिद्ध होतात. पहिली, पाब्लो वावरे त्या समाजांत त्याचा वर्ण ही नेहमींच चेष्टेस योग्य अशी वस्तु होती. दुसरी, त्या चेष्टेंत हंसूं झालें तें विद्यार्थ्याचें, पाब्लोचें नव्हे. लेखक जें सिद्ध करावयास बसत नाहीं तें त्याच्या लेखांतून सिद्ध झालें, म्हणजे तें अधिक विश्वसनीय मानावें, हा नियम येथें उत्तम लागू पडतो.

५. रॉचडेलचें जाहिरातपत्रक

पाब्लोविषयींच्या कागदांत सर्वांत प्रसिद्ध कागद म्हणजे रॉचडेल गांवच्या खेळाचें जाहिरातपत्रक. खेळाची तारीख १४ फेब्रुवारी १८४३, वार मंगळवार. त्या काळीं एखाद्या रात्रीचें उत्पन्न एखाद्या खेळाडूस द्यावयाचें अशी पद्धत होती. त्या रात्रीस त्याची ‘बेनिफिट’ म्हणत. आपल्याकडील नाटकमंडळ्यांतही हा शब्द व ही चाल पुढें रूढ झाली. ही रात्र विल्यम काइट व जॉन हेंडरसन या दोघांसाठीं होती. काइट झँथस नांवाच्या घोड्यास रिंगणांत आणणार, हेंडरसन टणक भूमीवर लागोपाठ एकवीस कोलांट्या मारणार, माणसें व घोडे यांवरून, कड्यांतून व शेवटीं जळत्या पिंपांतून उड्या होणार, आणि आतां मुक्कामाच्या मोजक्याच रात्रीं उरल्या आहेत, असा त्यांत मजकूर आहे.

हें पत्रक शंभराहून अधिक वर्षें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. ३१ जानेवारी १९६७ रोजीं केंट परगण्यांतील सेव्हनओक्स येथें एका जुन्या वस्तूंच्या दुकानांत तें जॉन लेनन या गायकास मिळालें. त्यावरील शब्द घेऊन ‘बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट’ हें गीत तयार झालें व त्याच वर्षीं बीटल्स या मंडळीच्या ध्वनिमुद्रिकेंत प्रसिद्ध झालें. पाब्लो फँकचें नांव पुन्हां जगाच्या कानीं पडलें तें या घुणाक्षरन्यायानें. त्याच्या बरोबरीचे कितीतरी कसबी खेळाडू केवळ पत्रक सांपडलें नाहीं म्हणून विस्मृतींत राहिले असतील.

येथें पाठशुद्धीचा एक पाठ घेण्यासारखा आहे. गीतांत घोड्याचें नांव झँथसऐवजीं हेन्री झालें आहे, आणि रॉचडेलच्या जागीं बिशप्सगेट हें स्थळ आलें आहे. कवीस हें स्वातंत्र्य आहे, संशोधकास नाहीं. गीत कोट्यवधि लोकांस पाठ असलें तरी तो उत्तरकालीन व बुद्ध्या बदललेला पाठ आहे, आणि एकच फाटका कागद असला तरी तो मूळ पाठ आहे. पोथ्या मिळविणाऱ्यांस हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु लोकप्रिय पाठ मूळ पाठास कसा झांकून टाकतो, याचें इतकें अलीकडचें व निर्विवाद उदाहरण विरळा.

जाहिरातपत्रकाचें प्रामाण्यही मर्यादित आहे. खेळ कोणत्या दिवशीं, कोठें, कोणाच्या नांवानें ठरला, यास तें उत्तम प्रमाण. एकवीस कोलांट्या खरोखर झाल्या काय, यास तें मुळींच प्रमाण नाहीं. पत्रक प्रतिज्ञा सांगतें, सिद्धि सांगत नाहीं.

६. लंडन व बेदा घोडी

सिद्धि पाहण्यासाठीं वृत्तपत्राकडे वळावें लागतें. सन १८४७ मध्यें पाब्लो लंडन येथील अ‍ॅस्लीच्या रंगमंडलांत खेळला. त्या वेळीं तें रंगमंडल त्याचा जुना धनी बॅटी याच्या ताब्यांत होतें. शागीर्द म्हणून सोडलेल्या गुरूच्या घरीं तो आतां पाहुणा कलावंत म्हणून परत आला. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाच्या २० मार्च १८४७ च्या अंकांत त्याच्या खेळाचें वर्णन आहे. घोडीचें नांव बेदा, रंग काळा. ती बॅटीकडूनच विकत घेतलेली होती. या घोडीचें शिक्षण असें कीं त्याहून सरस तर नाहींच, पण त्याच्या तोडीचेंही पूर्वीं पाहिलें नाहीं, असा त्या लेखकाचा अभिप्राय आहे. तो कलावंत कृष्णवर्णी असल्याचाही उल्लेख त्यांत आहे.

घोडा शिकविणें हें चाबकाचें काम नव्हे. आपल्या शालिहोत्रग्रंथांतही घोड्याची प्रकृति पारखून मग शिक्षणास हात घालावा असें सांगितलें आहे. घोडा भित्रा प्राणी. दिवे, वाद्यें व हजारों माणसांचा कोलाहल यांमध्यें तो ज्याच्या विश्वासावर पाय टाकतो त्यानें वर्षानुवर्षें त्याच्या सहवासांत काढलेलीं असतात. पाब्लोच्या आयुष्यांतील स्नेहसंबंधांचा हिशेब करतांना बेदेचें नांव वगळणें योग्य होणार नाहीं.

७. लीड्स येथील अपघात

पाब्लोची पहिली पत्नी सुझाना मार्लो ही बर्मिंगहॅम येथील एका गुंड्या करणाऱ्या कारागिराची कन्या. या विवाहांत पाब्लोस दोन मुलगे झाले. त्यांपैकीं एकाचें नांव लायोनेल. सुझानाचा व सर्कशीचा संबंध केवळ घरापुरता नव्हता. खेळ चालूं असतांना ती नाट्यगृहांतच असे.

सन १८४८ च्या मार्चांत सर्कस लीड्स शहरांतील किंग चार्ल्स क्रॉफ्ट येथील लांकडी रंगमंडलांत होती. १८ मार्च, शनिवार. वरच्या सज्जांत सुमारें सहाशें प्रेक्षक दाटीवाटीनें बसले होते, आणि रिंगणांत पाब्लोचा मुलगा दोरीवरील खेळ करीत होता. इतक्यांत सज्जा कोसळला. सहाशें माणसें लांकडांसह खालीं आलीं. कित्येकांस लहानमोठ्या दुखापती झाल्या. प्राण मात्र एकाच व्यक्तीचा गेला, आणि ती व्यक्ति म्हणजे मालकाची पत्नी. जड फळ्या तिच्या मानेच्या व मस्तकाच्या मागील बाजूस लागल्या. पाब्लोनें तिला जवळच्या खाणावळींत नेवविलें. शस्त्रवैद्यानें पाहून ती गत झाल्याचें सांगितलें.

या प्रसंगाचें मोल आम्ही अशासाठीं मानतों कीं, त्याची आठवण गांवानें ठेवली. सहा वर्षांनीं, सन १८५४ मध्यें, पाब्लोची सर्कस पुन्हां लीड्स येथें आली तेव्हां ४ मार्चच्या ‘लीड्स इंटेलिजन्सर’ या पत्रानें खेळाची वार्ता देतांना त्या शनिवारचें स्मरण करून दिलें, व वुडहाउस लेन येथील दफनभूमींत श्रीमती डार्बी हिच्या थडग्यावर सुबक स्मारक व हृदयस्पर्शी लेख असल्याचें लिहिलें. म्हणजे सहा वर्षें पावेतों तें स्मारक नीट होतें आणि लोक तें ओळखत होते. फिरत्या खेळवाल्याचें स्वतःचें असें गांव नसतें. पाब्लोस लीड्स हें गांव पत्नीच्या मृत्यूनें लाभलें.

८. तीन स्त्रिया व त्यांचे कागद

आतां नाजूक भागाकडे वळूं. सुझानाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांतच, जून १८४८ मध्यें, पाब्लोनें एलिझाबेथ कॉर्कर हिच्याशीं विवाह केला. ती ब्रॅडफर्ड येथील जॉर्ज कॉर्कर याची कन्या, स्वतः सर्कशींतील घोडेस्वार, आणि पतीपेक्षां सुमारें वीस वर्षांनीं लहान. तिच्यापासून त्यास जॉर्ज व टेड हे दोन मुलगे झाले. पुढें दोघेही सर्कशींतच शिरले.

पुढील कागद सन १८६१ च्या खानेसुमारीचा. त्यांत पाब्लोबरोबर एकाच घरांत सेरा नांवाची पंचवीस वर्षांची स्त्री राहत असून तिची नोंद ‘पत्नी’ अशी आहे. त्यानंतरचा कागद सन १८७१ च्या खानेसुमारीचा. ही गणना २ एप्रिल रोजीं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या जेमतेम एक महिना आधीं झाली. त्यांत तो स्टॉकपोर्ट येथें राहत असून घरांत पत्नी म्हणून पुन्हां एलिझाबेथ आहे, आणि दोन्ही मुलगेही आहेत.

एवढीं पानें हातीं आलीं कीं कादंबरीकाराची लेखणी आपोआप चालूं लागते : पहिलीवरील खरें प्रेम, दुसरीशीं सोईचा विवाह, तिसरीचा मोह, आणि शेवटीं पश्चात्ताप. ही रचना मोहक आहे खरी, परंतु तिला या कागदांत आधार नाहीं. कागद काय सांगतात तें क्रमानें पाहावें.

विवाहाची नोंद विवाह झाला एवढें सांगते. तीन महिन्यांच्या अंतरावरून निष्ठुरपणाचा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. सर्कस हा कुटुंबाचा धंदा होता. त्यांत पत्नी म्हणजे तिकिटांचा हिशेब, मुलांचें शिक्षण, वेशभूषा व पुष्कळदां रिंगणांतील एक खेळ, इतकीं कामें एकत्र असत. खेळवाल्यांच्या घराण्यांत सोयरीक व धंदा यांची गुंफण नेहमींची आहे. रॉचडेलच्या पत्रकांतील हेंडरसन याची पत्नी अ‍ॅग्नेस ही देखील हेंग्लर या नामांकित सर्कस-घराण्यांतील कन्या होती. गरज होती म्हणून प्रेम नव्हतें, असा न्यायही नाहीं. दोन्ही एके ठिकाणीं नांदूं शकतात, हें आपल्या जुन्या घरांतून पाहिलेल्या मनुष्यास सांगावें लागत नाहीं.

खानेसुमारीचा तक्ता तर आणखी मर्यादित आहे. घरांत अमुक रात्रीं कोण होतें, एवढें तो सांगतो. नातें कोणतें, तें घरधनी सांगेल तसें लिहिलें जाई. विवाहाचा दाखला कोणी मागत नसे. तेव्हां ‘पत्नी’ या शब्दावरून सेरेशीं विधियुक्त विवाह झाला असें म्हणतां येत नाहीं. पाब्लोनें आपल्या तोंडानें तिला तें नांव दिलें, किंवा निदान देऊं दिलें, एवढेंच म्हणतां येतें. त्याचप्रमाणें सन १८७१ च्या तक्त्यावरून तो व एलिझाबेथ एका छपराखालीं परत आलीं हें निश्चित; कोणत्या भावनेनें आलीं, हें लिहिण्यास त्या तक्त्यांत रकानाच नाहीं.

९. अखेर व समाधि

पाब्लोची व्यवहारदृष्टि त्याच्या विद्येइतकी तीक्ष्ण नव्हती. सर्कशीचा खर्च मोठा, घोड्यांचें पोट रोजचें, आणि उत्पन्न हवेवर व गिरण्यांतील रोजगारावर अवलंबून. तो कर्जांत सांपडला व एकदां दिवाळखोरीपर्यंतही पोंचला. तरीही खेळ सोडला नाहीं. धर्मादाय संस्थांसाठीं खेळ करून उत्पन्न देण्याची त्याची रीत होती, आणि त्यामुळें उत्तरेकडील शहरांत त्याच्याविषयीं आदर होता.

४ मे १८७१ रोजीं स्टॉकपोर्ट येथील ब्रिटानिया नांवाच्या खाणावळींत छातीच्या विकारानें तो वारला. प्रेत स्टॉकपोर्ट येथें पुरलें नाहीं. तें लीड्स येथें नेलें. पुढें शोकवाद्य वाजविणारें बँडपथक, मागें झूल घातलेला त्याचा आवडता घोडा, आणि त्यामागें एलिझाबेथ व मुलें यांच्या गाड्या, असा यात्रेचा क्रम होता. वुडहाउस लेनच्या दफनभूमींत तेवीस वर्षांपूर्वीं पुरलेल्या सुझानाच्या शेजारीं त्यास ठेवलें. तिचें स्मारक मोठें व अलंकृत आहे. त्याचें नांव त्याच्या पायथ्याशीं, थोडक्यांत.

या शेवटच्या कृत्यांत जी गोष्ट आम्हांस विशेष वाटते ती अशी. मृतास स्वतःचें प्रेत नेतां येत नाहीं. पाब्लोची तशी इच्छा असेल. परंतु ती पार पाडण्याचें काम मागें राहिलेल्यांचें, म्हणजे एलिझाबेथचें व मुलांचें. दुसऱ्या पत्नीनें पतीस पहिलीच्या शेजारीं नेऊन पुरलें, व स्वतः त्या यात्रेंत मागून चालली. पाब्लोच्या प्रेमाविषयीं कागद जें सांगत नाहींत तें आम्हींही सांगत नाहीं. परंतु एलिझाबेथच्या मनाच्या मोठेपणाविषयीं एवढा एक पुरावा मात्र निःसंशय आहे. चरित्रनायकाचा शोध घेतां घेतां त्याच्या बाजूस उभी असलेली व्यक्ति अधिक स्पष्ट दिसावी, हें संशोधनांत वारंवार घडतें.

ती दफनभूमि पुढें लीड्स विश्वविद्यालयाच्या आवारांत आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील बहुसंख्य थडगीं काढून टाकून तिचें उद्यान केलें, व त्यास आज सेंट जॉर्जेस फील्ड म्हणतात. जीं मोजकीं स्मारकें राखलीं त्यांत सुझानाचें व पाब्लोचें आहे. तीं दगडें तेव्हां उचललीं गेलीं असतीं तर मृत्यूची तिथि, दोन्ही नांवांचें ऐक्य व शेजारीं पुरल्याची साक्ष, तिन्ही एकदमच दुर्बळ झालीं असतीं.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. जन्मास जन्मनोंद, दिवसास जाहिरातपत्रक, घटनेस वृत्तपत्र, घरांतील माणसांस खानेसुमारी, मृत्यूस शिलालेख, आणि स्वभावास सोबत्याची आठवण. प्रत्येक साधन आपापल्या विषयांत श्रेष्ठ व दुसऱ्याच्या विषयांत दुबळें. एकाच साधनावर विश्वासलों असतों तर पाब्लो चौदा वर्षांनीं म्हातारा झाला असता, त्याच्या घोड्याचें नांव हेन्री ठरलें असतें, आणि सेरा ही त्याची विधियुक्त तिसरी पत्नी झाली असती.

आपल्या देशांत विष्णुपंत छत्रे यांच्यासारख्या अश्वविद्येंत निष्णात पुरुषानें सर्कस उभी केली आणि मराठी मुलखांतून या धंद्याची मोठी परंपरा निघाली. तिचीं जाहिरातपत्रकें, तिकिटें, हिशेबाच्या वह्या व खेळाडूंचीं पत्रें हीं अजून जुन्या घरांतून असणें पूर्ण संभवनीय आहे. जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे रद्दी कागद एकावर एक चिकटवून केलेले असत. असा पुठ्ठा सुटला तर फेंकण्यापूर्वीं त्याचे पदर उलगडून पाहावे. पत्रक सांपडल्यास त्याच्या कडा कापूं नयेत, कारण छापखान्याचें नांव बहुधा तळाशींच असतें, आणि सन दिलेला नसल्यास कालनिर्णयास तेंच उपयोगी पडतें. कोणत्या घरांत, कोणत्या बाडांत, कोणत्या कागदांसोबत तें मिळालें, हें त्याच दिवशीं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावें. पत्रकाच्या पाठीवर लिहूं नये. पोथ्यांच्या व सनदांच्या शोधांत असतां असले कागद क्षुद्र म्हणून बाजूस पडतात. आमच्या संग्राहक वाचकांनीं आपल्या रुमालांत एक रुमाल त्यांच्यासाठीं राखावा, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.